स्तनकर्करोगोत्तर जीवनमान आणि रुग्णशिक्षण : एक चिकित्सा

प्रस्तावना :
आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव असलेले शिरढोण पनवेल तालुक्यात मुंबई-गोवा महामार्गावर वसलेले आहे. याच तालुक्यात खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही कर्करोगावरील उपचार, संशोधन व शिक्षण देणारी संस्था आहे. अंतराच्या दृष्टीने पाहता या परिसरातील स्त्रीला कर्करोगोपचार दुर्गम नाहीत. तथापि उपचार संपवून घरी परतणारी स्त्री कोणते ज्ञान सोबत नेते, हा प्रश्न केवळ जवळच्या रुग्णालयाने सुटत नाही. ‘ग्लोबोकॅन’च्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात स्तनकर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले. गाठ लवकर ओळखावी, हा संदेश आवश्यकच आहे. परंतु रुग्णशिक्षण तेथेच थांबले तर बचावलेल्या स्त्रीचे पुढील आयुष्य त्याच्या कक्षेबाहेर राहते. जीवनमान मोजण्याचे प्रचलित साधन आणि शस्त्रक्रियेनंतर हाताविषयी दिला जाणारा सल्ला या दोहोंची चिकित्सा येथे केली आहे.

मोजमापाची मर्यादा :
कर्करुग्णांचे जीवनमान मोजण्यासाठी युरोपीय संशोधन संघटनेची ३० प्रश्नांची ‘क्यूएलक्यू-सी ३०’ ही प्रश्नावली १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. स्तनकर्करोगासाठी तिला २३ प्रश्नांची पुरवणी जोडली जाते. टाटा स्मारक रुग्णालयातील संशोधकांनी या साधनाची हिंदी व मराठी रूपे तपासून २००५ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. देशोदेशींच्या रुग्णांची तुलना यामुळे शक्य झाली, हे श्रेय नाकारता येणार नाही.

मात्र भाषांतर झाले म्हणून अनुभवाचेही रूपांतर झाले, असे म्हणता येत नाही. मूळ प्रश्नावलीचा पहिलाच प्रश्न श्रमाच्या कामाचे उदाहरण म्हणून बाजाराची जड पिशवी किंवा सूटकेस उचलण्याचा उल्लेख करतो. भातशेती करणाऱ्या स्त्रीचे श्रम वेगळे असतात. पाण्याचा हंडा, गवताचा भारा, चिखलात वाकून केलेली लावणी ही तिची परिमाणे होत. दुसरी अडचण कालावधीची आहे. बहुसंख्य प्रश्न गेल्या आठवड्यापुरते विचारलेले असतात. चैत्रात भरलेल्या प्रश्नावलीत आषाढातील लावणीच्या वेळी सुजणारा हात दिसणारच नाही. गुणांक उत्तम येईल आणि त्रास नोंदीबाहेर राहील.

निषेध की शिक्षण ? :
काखेतील लसिकाग्रंथी काढल्यास हातातील द्रवाचा निचरा मंदावतो. त्यामुळे येणारी सूज काही महिन्यांनी, क्वचित अनेक वर्षांनीही उद्भवू शकते. म्हणून ‘त्या हाताने जड काही उचलू नका’ असा सल्ला दीर्घकाळ दिला गेला. हा सल्ला हेतूने योग्य असला तरी शिक्षण म्हणून अपुरा आहे. ज्या घरात पाणी भरणारी तीच एक आहे, तेथे तो पाळता येत नाही. आणि न पाळल्याचा अपराधभाव मात्र तिच्या मनात कायम राहतो.

शिवाय या सल्ल्याचा आधारही आता निर्विवाद राहिलेला नाही. २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात हाताला सूज असलेल्या १४१ स्त्रियांचा समावेश होता. देखरेखीखाली सुरू करून हळूहळू वाढवत नेलेल्या वजनाच्या व्यायामाने त्यांची सूज वाढली नाही. उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले. याचा अर्थ भरलेला हंडा पहिल्याच दिवशी उचलावा असा नव्हे. या स्त्रिया दाबपट्टा वापरत होत्या व वजन टप्प्याटप्प्याने वाढवले जात होते. ‘उचलू नका’ याऐवजी ‘कसे, किती व केव्हा उचलावे’ हे शिकवता येते, एवढे त्यातून निश्चित सिद्ध होते. चिखलात काम करताना हाताला झालेली जखम त्वरित धुणे, हात लाल व गरम झाल्यास विलंब न लावता डॉक्टरांना दाखवणे, हेही त्याच शिक्षणाचे भाग आहेत.

शिकवणारे कोण ? :
स्वतः स्तनाची शस्त्रक्रिया झालेल्या टेरेसी लॅसर यांनी १९५२ मध्ये न्यूयॉर्क येथे ‘रीच टू रिकव्हरी’ हा उपक्रम सुरू केला. रुग्णालाच शिक्षक मानण्याचे तत्त्व त्यामागे होते. हे तत्त्व ग्रामीण महाराष्ट्रात अधिक उपयुक्त ठरावे. कारण येथे ‘स्तन’ हा शब्दही अनेकदा उच्चारला जात नाही, ‘छातीत गाठ’ असे म्हणून विषय टाळला जातो. बरी झालेली, त्याच बोलीत बोलणारी व तीच कामे करणारी स्त्री हा संकोच जितका सहज दूर करील, तितका छापील पत्रक करू शकणार नाही.

समारोप :
जीवनमान ही केवळ गुणांकांची बेरीज नव्हे. प्रमाणित प्रश्नावली टाळण्याचे कारण नाही. परंतु तिच्या जोडीला हंगामानुसार व स्थानिक कामांविषयी विचारणा व्हावी, निषेधात्मक सल्ल्याची जागा कृतिशील शिक्षणाने घ्यावी आणि आशा सेविकांसोबत बरे झालेल्या स्त्रियांना त्यात स्थान मिळावे. स्त्री जगली, एवढ्यावर उपचाराचे यश मोजून चालणार नाही. ती पुन्हा शेतात उतरू शकते का, आणि उतरताना तिला भीती वाटते की माहिती असते, हाही त्या यशाचा निकष मानला पाहिजे.