हेक्टर आणि कोयता : बीडच्या हवामान-अनुकूलनाचे कागद वाचताना

बीड जिल्ह्याच्या दुष्काळावर, आणि आता हवामानबदलावर, जे कागद तयार झाले त्यांचे वाचन समीक्षेच्या नजरेने क्वचितच होते. आराखडे, मूल्यमापन अहवाल, शासन निर्णय, संस्थांच्या वार्षिक पुस्तिका हे सारे माहिती म्हणून चाळले जाते आणि बाजूला ठेवले जाते. पण तेही लेखनच आहे. त्यालाही निवेदक असतो, पात्रे असतात आणि काही पात्रे पडद्याआड राहिलेली असतात. हे कागद जमवून वाचताना एक शब्द मला जागोजाग भेटला : समन्वय. महसूल, कृषी, जलसंधारण, जिल्हा परिषद आणि स्वयंसेवी संस्था यांनी मिळून काम करावे, अशा अर्थाचा परिच्छेद बहुतेक दस्तऐवजांच्या अखेरीस येतो. तो वाचून कुणाचे मतभेद होण्याचे कारण नसते, म्हणूनच तो तपासलाही जात नाही.

या लेखाचे म्हणणे थोडक्यात असे : बीडमध्ये समन्वय फसतो तो बैठका कमी पडतात म्हणून नव्हे. प्रत्येक यंत्रणेचे मोजण्याचे माप वेगळे आहे, आणि जिल्ह्यातील सर्वांत कष्टकरी गटाचे माप यांपैकी कुठल्याच कागदात बसत नाही, म्हणून तो फसतो.

आधी मापे पाहू. डिसेंबर २०१४मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानाने गाव हे एकक धरले आणि अडवलेले पाणी घनमीटरमध्ये मोजले. नाला खोलीकरणाची लांबी, बांधांची संख्या, निर्माण झालेली साठवणक्षमता हे त्याचे आकडे. २०२०मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी या अभियानावर अहवाल दिला. ९,६३३ कोटी रुपये खर्चूनही भूजल वाढवण्याचा हेतू फारसा साधला नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यावर राजकीय धुरळा खूप उडाला. पण अडवलेले पाणी गावातील कोणापर्यंत पोहोचले, हा प्रश्न आरोपातही नव्हता आणि खुलाशातही नव्हता. कारण मुळातले माप पाण्याचे होते, माणसाचे नव्हते.

पीकविम्याचे माप हेक्टर. २०२०मध्ये बीडसाठी खासगी विमा कंपन्या पुढे येईनात, तेव्हा जी व्यवस्था केली गेली ती पुढे 'बीड पॅटर्न' म्हणून राज्यभर गाजली. नुकसानभरपाई विमाहप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंत असेल तर ती कंपनीने द्यायची, त्यावरचा भार राज्याने उचलायचा, आणि भरपाई कमी निघाली तर कंपनीने २० टक्के ठेवून उरलेली रक्कम राज्याला परत करायची. कंपनीची जोखीम आणि सरकारची जोखीम यांची ही वाटणी हुशारीची आहे. ज्याच्या नावे सातबारा नाही त्याची जोखीम मात्र तिच्यात कुठेच येत नाही.

आपत्ती व्यवस्थापनाचे माप महसूल मंडळ. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी. मग पंचनामे होतात आणि मदत पुन्हा हेक्टरी ठरते. २०२५च्या सप्टेंबरात सिंदफणेच्या आणि मांजरेच्या काठांनी शेतातली माती वाहून जाताना पाहिली. दुष्काळी म्हणून ओळखला जाणारा जिल्हा पुरात उभा होता. त्या पुराने ज्याचे शेत नेले त्याची नोंद झाली. ज्याची सोयाबीन काढणीची आणि कापूस वेचणीची मजुरी नेली, त्याच्या नुकसानीला पंचनाम्यात रकाना नसतो.

जागतिक बँकेच्या कर्जातून २०१८पासून राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाचे माप आणखी निराळे : पाणलोटावर आधारलेले गावांचे समूह. नावातच हवामानाशी जुळवून घेण्याचा हेतू सांगणारा राज्यातला हा पहिला मोठा शेती-प्रकल्प. तो सुमारे पाच हजार गावांत गेला, मराठवाड्याचे सर्व जिल्हे त्यात आले. भूमिहीनांसाठी शेळीपालनासारखे घटक त्याने ठेवले, हे न्यायाने नोंदवले पाहिजे. पण अनुदानाची पद्धत अशी, की लाभार्थ्याने आधी खर्च करायचा आणि पैसे नंतर खात्यात यायचे. ज्याच्या हातात आधी खर्चायला पैसा आहे त्याच्यासाठी ही पद्धत स्वच्छ आहे. जो दिवाळीआधी उचल घेऊन घर चालवतो, त्याच्यासाठी ती दार लावून घेण्यासारखी आहे.

आणि एक माप जनावराचे. २०१९च्या दुष्काळात चारा छावण्यांसाठी मोठ्या जनावरामागे दिवसाला ९० रुपये आणि लहान जनावरामागे ४५ रुपये असा दर होता, तो मे महिन्यात अनुक्रमे १०० आणि ५० झाला. दर ठरला, म्हणून मोजणी झाली. मोजणी झाली, म्हणून तपासणी झाली आणि गैरप्रकारांची चर्चाही होऊ शकली. माप असले की भांडायला जागा तरी मिळते.

आता बीडमध्ये लोकांनी स्वतः घडवलेले माप पाहू. ते आहे कोयता. ऊसतोडीच्या व्यवहारात कोयता म्हणजे हत्यार नव्हे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, टोळी मोजली जाते ती कोयत्यांत, हिशेब होतो तो कोयत्याचा. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पुणे, शिवाय कर्नाटकातले कारखाने लाखोंच्या संख्येने या जिल्ह्यातून हे कोयते नेतात. ऊसतोड ही हवामानबदलाने जन्माला घातलेली गोष्ट नव्हे. तिच्यामागे जमिनीची वाटणी, जात, साखरेचे अर्थकारण आणि बालाघाटावरची उथळ माती हे सगळे आहे. पण पाऊस जितका बेभरवशाचा होत जातो, तितके उचल घेणे अपरिहार्य होत जाते. या अर्थाने स्थलांतर हेच बीडचे सर्वांत जुने अनुकूलन आहे. कुठल्याही आराखड्याची वाट न पाहता लोकांनी ते केले.

त्याची किंमतही त्यांनीच मोजली. २०१९मध्ये राज्य सरकारच्या समितीने बीडमधील ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ महिलांची पाहणी केली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, तळावर पाणी नाही, आडोसा नाही, दुखणे अंगावर काढायचे, आणि शेवटी शस्त्रक्रियेसाठी पुन्हा मुकादमाकडून उचल. ही माहिती सार्वजनिक आरोग्याच्या कागदात गेली. अनुकूलनाच्या चर्चेत तिला जागा मिळाली नाही, कारण तिथे किंमत मोजायची ती पिकाची असे गृहीत आहे.

जगातल्या मदतकार्याच्या क्षेत्रात 'स्फिअर' या नावाने किमान मानके ठरलेली आहेत. विस्थापितांच्या छावणीत माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, ठरावीक निवारा, शौचालय. पाच-सहा महिने पाचटाच्या कोपीत राहणाऱ्या हजारो कुटुंबांच्या तळाला मात्र छावणी म्हणत नाहीत. छावणी म्हटले की मानके लागू होतात. तळ म्हटले की ती कारखान्याची आणि मुकादमाची आपसातली बाब होते.

दुसरी अडचण दिनदर्शिकेची. केंद्र सरकारच्या लोकनियोजन मोहिमेत २०१८पासून गावाचा विकास आराखडा ग्रामसभेतून करण्यासाठी काळ ठरला तो २ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर. इकडे गाळपाचा हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारच्या रस्त्यांवर भांडीकुंडी, शेळ्या आणि पोरे घेतलेले ट्रॅक्टर पश्चिमेकडे निघालेले असतील. म्हणजे गावाच्या भवितव्यावर बोलायची सभा भरते ती गाव रिकामे होत असताना. सभेला उरतात ते बागायतदार, नोकरदार आणि म्हातारी माणसे. मग आराखड्यात सिमेंट बंधारा येतो, तळावरची पाण्याची टाकी येत नाही. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेवर आक्षेप घेण्यासारखे पुष्कळ आहे. पण २०१६मध्ये अंबाजोगाईसह तीन तालुक्यांत ती सुरू झाली तेव्हा तिचा काळ एप्रिल-मेचा होता. पट्टा पडून माणसे परतलेली असतात तो काळ. श्रमदानाला गर्दी झाली त्यात या साध्या गोष्टीचाही वाटा असणार.

विशेष म्हणजे या स्थलांतराइतकी आधी कळणारी घटना दुसरी नाही. पाऊस कधी येईल हे वेधशाळेलाही नेमके सांगता येत नाही. पण गाळप कधी सुरू होणार हे मंत्री समिती बैठक घेऊन जाहीर करते. २०२४चा हंगाम १५ नोव्हेंबरपासून ठरला होता. परवाना साखर आयुक्तालय देते, कोणत्या कारखान्यात किती गाळप होणार याचा अंदाज तिथे असतो. तारीख माहीत, ठिकाण माहीत, जाणारी गावे माहीत. तरीही बीडचा जिल्हा आराखडा जिल्ह्याच्या हद्दीवर थांबतो. 'प्रादेशिक' हा शब्द इथे फसवा ठरतो. नकाशावर बीड मराठवाड्यात आहे. नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत अर्धे बीड कृष्णा आणि भीमेच्या खोऱ्यांत असते.

यावर एक रास्त आक्षेप असा, की स्थलांतर थांबवणे हाच तर जलसंधारणाचा हेतू आहे. तळ सुधारत बसलो तर ऊसतोड कायमची होईल. या आक्षेपाचे वजन मला मान्य आहे. पण गावात पाणी आले की ते आपोआप सर्वांचे होते, हे त्यातले गृहीत तपासून घ्यावे लागेल. विलासराव साळुंखे यांनी १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला पाणी पंचायत उभी केली, तेव्हा हे गृहीतच नाकारले. पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हे, माणसांवर. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. आणि उसाला बंदी. तिथे माप आधी ठरले, बंधारा नंतर आला. बीडमध्ये बंधारे आधी आले आणि माप ठरवायचे राहून गेले. ते ठरत नाही तोवर कोयते जाणारच. मग ते कोणत्या अवस्थेत जातात, हा प्रश्न टाळता येणार नाही.

हे जमण्यासारखे आहे याचा पुरावा आपल्याकडेच आहे. एप्रिल २०२०मध्ये टाळेबंदीत ऊसतोड कामगार कारखान्यांवर अडकले. तेव्हा त्यांच्या याद्या झाल्या, वैद्यकीय तपासणी झाली, जिल्हाधिकारी जिल्हाधिकाऱ्यांशी बोलले, कारखान्यांवर जबाबदारी टाकली गेली आणि माणसे गावी परतली. साथ होती म्हणून झाले, हे खरे. पण कारखाना, पाठवणारा जिल्हा आणि बोलावणारा जिल्हा ही तिन्ही टोके एका यादीवर येऊ शकतात, हे त्या काही आठवड्यांनी दाखवले. २०२१पासून ग्रामसेवकांमार्फत ऊसतोड कामगारांची नोंदणी आणि ओळखपत्रे हे काम सुरू झाले, मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृह योजना आली. हे काम सामाजिक न्याय विभागाचे. विमा आणि संजीवनी प्रकल्प कृषीकडे, पंचनामा महसूलकडे. कुटुंब एकच, पण प्रत्येक कपाटात त्याचा वेगळा तुकडा.

शेजारच्या लातूर-धाराशिवमध्ये १९९३च्या भूकंपानंतर पुनर्वसनात गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून नेमले गेले. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने ते काम बांधले आणि पुढे त्याच महिलांच्या जाळ्यातून एक एकर शेतीचा प्रयोग उभा राहिला. तिथे कार्यालय आणि गाव यांच्यामधला दुवा म्हणजे दोन्हीकडची भाषा कळणारी गावातलीच बाई होती. ऊसतोडीच्या टोळीतही अशी बाई असते. तळावर कुणाचे पोर आजारी आहे, कोण गरोदर आहे, हे तिला ठाऊक असते. तिला मानधन आणि अधिकार देणे हे कुठल्याही संकेतस्थळापेक्षा स्वस्त पडेल.

म्हणून जिल्ह्याचा पुढचा हवामान आराखडा हाती येईल तेव्हा त्यातला समन्वयाचा परिच्छेद सोडून थेट परिशिष्टे उघडावीत. तीन गोष्टी पाहाव्यात. ग्रामसभा दसऱ्याआधी ठेवल्या आहेत का? कामांच्या यादीत जिल्ह्याबाहेरच्या एखाद्या तळाचे नाव आहे का? आणि हेक्टर, घनमीटर, जनावर या रकान्यांशेजारी कोयता हा रकाना आहे का? तो नसेल, तर बैठका कितीही झाल्या तरी आराखडा निम्म्या जिल्ह्याचाच आहे असे समजावे.