ईशा निमकर कुठे गेली? मालिकेतल्या नायिकेचं 'स्वत्व' तपासायचं कसं



पेट पास झालेले बरेच जण विचारतात, "मालिकांवर पीएच.डी. करता येते का?" येते की. पण अशा विषयाच्या आराखड्यात एक वाक्य हमखास सापडतं: "मालिकेत नायिकेचे स्वतंत्र व्यक्तिमत्त्व हरवते." वाक्य खोटं नाही. पण गाईडने तीन प्रश्न विचारले की आपण गप्प होतो. नेमकं काय हरवलं? केव्हा हरवलं? आणि ते आधी होतं, याला पुरावा काय? आज एकच मालिका घेऊन हे करून बघू.

मालिका आहे 'तुला पाहते रे'. झी मराठीवर ती ऑगस्ट २०१८ ते जुलै २०१९ अशी चालली. शेवटचे बरेच भाग मी शिंदखेडा तालुक्यात मावशीकडे बघितले. जळगावहून सुरतकडे जाणारी गाडी पकडायची, संध्याकाळी पोचायचं, आणि जेवणं उरकून सगळ्या बाया टीव्हीसमोर. ईशा म्हणजे मागच्या जन्मीची राजनंदिनी, हे उघड झालं त्या दिवशी सगळ्या 'अगं माय' म्हणत सरसावून बसल्या. मावशी मात्र अहिराणीत एवढंच म्हणाली, "मंग ती पोर कोठे गयी?"

माझ्या मते हा संशोधनाचा प्रश्न आहे. ती पोर गेली कुठे?

ज्यांनी मालिका बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ईशा निमकर (गायत्री दातार) साध्या मध्यमवर्गीय घरातली तरुण मुलगी. विक्रांत सरंजामे (सुबोध भावे) तिच्यापेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठा, श्रीमंत उद्योजक. दोघं प्रेमात पडतात, लग्न होतं. मग कळतं, की हा मूळचा गजेंद्र पाटील. संपत्तीसाठी त्याने राजनंदिनीशी (शिल्पा तुळसकर) लग्न केलं आणि तिचा जीव घेतला. ईशा ही तिचाच पुनर्जन्म, आणि आता ती सूड घेणार.

आता 'स्वत्व' या मोठ्या शब्दाचे चार लहान प्रश्न करू. संशोधनाच्या भाषेत याला निकष ठरवणं म्हणतात.

१. काम. ईशाला नोकरी मिळते ती विक्रांतच्याच कंपनीत. म्हणजे पगार, प्रेम आणि पुढे घर, तिन्ही दारांची किल्ली एकाच माणसाकडे. इथे अजून काही हरवलेलं नाही, पण तिला उभं राहायला वेगळी जागाही उरलेली नाही.

२. नाव. निमकरची सरंजामे होते, हे आपल्याकडे नेहमीचंच. पण पुढे 'ईशा' हे नावही मागे पडतं आणि आतली राजनंदिनी बोलू लागते. इथे विक्रांतकडे बघा. नाव त्यानेही बदललं. गजेंद्र पाटलाने ठरवून, स्वतःच्या फायद्यासाठी विक्रांत सरंजामे घडवला. पुरुषाने नवा 'मी' निर्माण केला, बाईच्या वाट्याला जुना 'मी' आला. एकाच कथेत ही दोन्ही उदाहरणं मिळणं अभ्यासकाला फार उपयोगाचं असतं.

३. आठवण. सूडासाठी राग लागतो आणि रागासाठी आठवण. ईशा चिडते ती कोणाच्या आठवणीवर? राजनंदिनीच्या. खरं तर ईशाची स्वतःचीही फसवणूक झालीय. एका तरुण मुलीशी खोट्या नावाने लग्न केलं गेलंय. एवढं कारण तिला पुरेसं नव्हतं का? मालिकेला ते पुरेसं वाटलं नाही. बाईला स्वतःसाठी रागवायलाही मागचा जन्म लागला.

४. निर्णय. हा निकष सर्वात महत्त्वाचा. ईशाने आयुष्यातला सर्वात धाडसी निर्णय घेतला तो प्रेमाचा. वयातलं अंतर दिसत होतं, घरच्यांना काळजी होती, तरी ती ठाम राहिली. पटो न पटो, तो तिचा निर्णय होता. पुनर्जन्म आल्यावर काय होतं? ती ओढसुद्धा मागच्या जन्मीची ठरते. म्हणजे कथा ईशाला पुढेच थांबवत नाही, मागे जाऊन तिचं आधीचं वागणंही पुसून टाकते. 'केव्हा हरवलं' याचं उत्तर इथे आहे. प्रेमात पडली तेव्हा नाही, लग्न झालं तेव्हाही नाही. कथेने तिला ताकद दिली, त्याच क्षणी ती हरवली.

म्हणून 'नायिका सक्षम झाली' आणि 'नायिका स्वतः उरली' ही दोन वेगळी विधानं आहेत. शेवटी बाई जिंकते हे खरं. पण कोणती बाई जिंकते, तेही लिहा.

आता उलटतपासणी. व्हायवात कोणी म्हणेल, "पुनर्जन्मात सगळ्यांचंच असं होतं." तर १९८० चा 'कर्ज' घ्या. तिथे मॉन्टी हा रवीचा पुनर्जन्म, सूडही रवीचाच. पण मॉन्टी आधीपासून नावाजलेला गायक असतो आणि कामिनीला घेरतो ते स्वतःच्या रंगमंचावरून, स्वतःच्या कलेने. जुनी आठवण आली म्हणून मॉन्टी संपत नाही. दोष पुनर्जन्माचा नाही. त्याआधी पात्राला स्वतःचं काय दिलं होतं, त्यावर सगळं ठरतं.

दुसरी तुलना आपल्या भागाशी नातं असलेल्या अभिनेत्रीची. स्मिता पाटील या शिरपूरच्या शिवाजीराव गिरधर पाटलांच्या कन्या. 'उंबरठा' (१९८२) मध्ये त्यांची सुलभा महिलाश्रमाच्या कामासाठी घर सोडून जाते, परत येते, आणि नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आली हे कळल्यावर पुन्हा बाहेर पडते. सुलभाचं घर जातं, सुलभा जात नाही. ईशाचं उलटं होतं. चारही निकष दोघींना लावून बघा, तक्ता आपोआप तयार होईल.

एक धोका सांगून ठेवते. आपण तपासलं ते पात्र, प्रेक्षक नव्हे. "नायिका हरवली म्हणून बघणाऱ्या बायाही बिघडल्या" ही उडी मारू नका. जॅनिस रॅडवे यांनी १९८४ च्या पुस्तकात प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या अमेरिकन स्त्रियांचं ऐकून घेतलं. वाचनाचा तो वेळ त्या बायांना घरकामातून काढलेला, फक्त स्वतःचा वेळ वाटत होता. गोष्ट कशी आहे आणि ती बघण्याने काय होतं, हे दोन वेगळे अभ्यास आहेत, त्यांच्या पद्धतीही वेगळ्या.

मावशीचंच बघा. दिवसभर कपाशीच्या रानात राबून आलेली ती बाई रोज मालिका बघत होती, आणि जो प्रश्न लिहिणाऱ्यांना पडला नाही तो तिला पहिल्या फटक्यात पडला. तेव्हा मुलाखतीला जाताना प्रश्नावली जरूर न्या, पण आधी त्यांच्याशेजारी बसून दोन भाग बघा. बोलू नका, ऐका. तुमचं पहिलं प्रकरण कदाचित तिथेच कोणीतरी एका वाक्यात सांगून टाकेल.