‘अपटाइम’ची एक ओळ : किती विश्वासाची?

कन्नड तालुक्यातील एका शाळेत लिनक्स प्रणालीवर चालणारे काही जुने संगणक आहेत. तिथल्या एका शिक्षकांनी तास चालू असताना ‘अपटाइम’ ही आज्ञा दिली. पडद्यावर एकच ओळ उमटली. मराठीत ती अशी :

१०:४२:०७, चालू ३ दिवस २ तास १५ मिनिटे, ३ वापरकर्ते, सरासरी भार : ०.६३, ०.१८, ०.०६

संगणकापुढे सर एकटेच बसले होते. मग उरलेले दोघे कोण? संशय एका चौकस मुलावर गेला आणि दोन दिवस त्याला संगणक कक्षाचे दार बंद झाले. आम्ही तिथे गेलो तेव्हा ‘हू’ ही आज्ञा देऊन पाहिली. तीन ओळी आल्या आणि तिन्हींत सरांचेच नाव! एकदा ते चित्रमय पडद्यावरून आत आले होते, नंतर दाखवण्यासाठी त्यांनी दोन अक्षरी पडद्यांवरही प्रवेश केला होता. यंत्राने माणसे मोजली नव्हती, प्रवेशाच्या नोंदी मोजल्या होत्या.

या प्रसंगात सरांचा दोष आम्हाला फारसा वाटत नाही. दोष आहे तो त्या ओळीतल्या शब्दांचा आणि ती शिकवण्याच्या पद्धतीचा. आज्ञांच्या यादीत ‘अपटाइम’पुढे ‘यंत्र किती वेळ चालू, किती वापरकर्ते, किती भार’ एवढेच लिहून पुढच्या आज्ञेकडे वळतात. मोजमाप कशाचे, हे सांगायचे राहूनच जाते.

पहिला आकडा त्यातल्या त्यात सरळ आहे. वीज जाण्याची सवय असलेल्या गावात तो उपयोगीही आहे. रात्री यंत्र बंद पडून पुन्हा सुरू झाले असेल, तर सकाळी तो खरे सांगतो. मात्र मांडीवरचा संगणक झाकण मिटून झोपवला, तर लिनक्समध्ये तो झोपेचा वेळही यात धरला जातो. ‘चालू’ म्हणजे ‘कामात’ नव्हे.

खरा घोटाळा भाराच्या तीन आकड्यांत आहे. ते अनुक्रमे १, ५ आणि १५ मिनिटांचे, असे सांगतात. मग ०.६३ म्हणजे गेल्या मिनिटात यंत्र ६३ टक्के कामात होते काय? नाही. सरांनी बरोबर मिनिटभर आधी एक न थांबणारा हिशेब सुरू केला होता. एका प्रोसेसरचे ते यंत्र त्या मिनिटात पूर्ण कामात होते. ही साधी सरासरी नाही. लिनक्स दर सुमारे ५ सेकंदांनी चालू आणि ताटकळलेली कामे मोजते. मिनिटाच्या आकड्यासाठी जुन्या किमतीची ०.९२ पट आणि नव्या मोजणीची ०.०८ पट यांची बेरीज करते. शून्यापासून निघून १२ वेळा असे करा, उत्तर ०.६३ येईल. हिशेब थांबवून आणखी एक मिनिट वाट पाहा, आकडा शून्य न होता ०.२३ च्या आसपास राहील. गणिताच्या तासाला यापेक्षा चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

दुसरी अडचण अशी की भार १ म्हणजे जास्त की कमी, हे प्रोसेसर किती यावर ठरते. ‘एनप्रोक’ या आज्ञेने ४ हे उत्तर आले, तर भार ४ असूनही कोणालाच थांबावे लागत नसेल.

तिसरी अडचण कन्नडकरांना सांगायला नको. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि वाहतूक ठप्प झाली. रांग लांबच लांब, पण रस्ता वापरणारे वाहन एकही नाही. १९९३ पासून लिनक्स अशी अडकलेली कामेही भारात मोजते, उदाहरणार्थ चकतीवरून माहिती येण्याची वाट पाहणारी. चकती बिघडली तर प्रोसेसर रिकामा असूनही भार चढतो. अशा वेळी ‘यंत्र जुने झाले, नवे घ्या’ म्हणणे म्हणजे दरड पडली म्हणून गाडी बदलणे होय.

या मोजमापाला इतिहास आहे. टेनेक्स या प्रणालीच्या अशा सरासऱ्या १९७३ सालच्या दस्तऐवजात सापडतात. एक यंत्र अनेकजण वाटून घेत, तेव्हा ‘आत्ता काम सुरू करावे का?’ या प्रश्नाला हे सोयीचे उत्तर होते. लिनक्सच्या ज्या भागात हा हिशेब होतो, तिथल्या टिपणीत खुद्द लिहिणाऱ्यांनीच या आकड्याला वेडगळ म्हटले आहे. लोक मात्र त्याला महत्त्व देतात, अशी पुस्तीही जोडली आहे.

आम्ही तितके कठोर होणार नाही. तिन्ही आकडे शेजारी ठेवले की भार चढतो आहे की उतरतो, हे एका नजरेत कळते. वरच्या ओळीत पहिला आकडा सर्वांत मोठा, म्हणजे काम नुकतेच सुरू झाले. एवढे अचूक सांगणारी ओळ टाकाऊ नाही. तापमापी ताप दाखवते, रोगाचे नाव सांगत नाही; तशीच ही. म्हणून ती शिकवताना ‘हू’ आणि ‘एनप्रोक’ या आज्ञा सोबत द्याव्यात आणि मिनिटभराचा तो प्रयोग मुलांकडून करवून घ्यावा.

सरांनी त्या मुलाची वर्गासमोर क्षमा मागितली, हेही नोंदवायला हवे. दोन दिवस मात्र त्याचे गेले ते गेलेच. आकडा खोटा नव्हता. तो कशाचा आहे हे कोणी विचारले नव्हते.