शितावरून भाताची परीक्षा? : तारांकन पद्धतीचा समीक्षादृष्ट्या विचार
(विशेष संदर्भ : घोडबंदर रोड परिसर, ठाणे)

प्रस्तावना

वस्तूचा, सेवेचा वा कलाकृतीचा दर्जा एक ते पाच ताऱ्यांत सांगण्याची पद्धत आज नित्य व्यवहाराचा भाग झाली आहे. उपाहारगृह, दवाखाना, शाळा, टॅक्सी, चित्रपट आणि नाट्यगृह यांनाच नव्हे, तर मंदिरांना आणि किल्ल्यांनाही मोबाइलच्या पडद्यावर तारे मिळतात. मराठीत मूल्यनिर्णयाच्या तीन पायऱ्या रूढ आहेत : अभिप्राय, परीक्षण आणि समीक्षा. अभिप्रायात आवडनिवड व्यक्त होते, परीक्षणात परिचय आणि शिफारस असते, तर समीक्षेत निकष आणि कारणमीमांसा अपेक्षित असते. तारांकनाने या तिन्हींना एकाच चिन्हात बसविले आहे. हे चिन्ह देणारा काय सांगू इच्छितो, वाचणारा त्यातून काय समजतो आणि या दोहोंतील अंतराची किंमत कोण मोजतो, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

या विचारासाठी घोडबंदर रोडचा परिसर निवडण्यामागे कारण आहे. कापूरबावडीपासून मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा असा गायमुखाकडे जाणारा हा पट्टा गेल्या काही दशकांत गृहसंकुलांनी भरून गेला. नौपाड्यासारख्या जुन्या वस्तीत डॉक्टर, शिंपी, खानावळ यांची निवड शेजाऱ्याच्या शब्दावर होत असे. सांगणाऱ्याचा स्वभाव ठाऊक असल्याने त्याच्या शब्दाचे वजनही ऐकणाऱ्याला ठाऊक असे. नव्या संकुलात आलेल्या कुटुंबापाशी ही ओळख नसते. तिची उणीव तारा भरून काढतो. म्हणूनच येथे तारांकन ही चैन नसून गरज ठरते.

पूर्वपीठिका : ताऱ्यामागील निकष

तारांकनाचा इतिहास पाहता एक बाब ठळकपणे जाणवते. पूर्वीच्या ताऱ्यांना ठरावीक अर्थ होता. फ्रान्समधील मिशेलिन मार्गदर्शिकेने १९२६ मध्ये उपाहारगृहांना तारा देण्यास आरंभ केला आणि १९३१ मध्ये त्याच्या तीन श्रेणी केल्या. त्यात एक तारा हाही गौरव असतो. आजच्या मोबाइलवर मात्र एक तारा म्हणजे नाचक्की. चिन्ह तेच असले, तरी अर्थ नेमका उलट झाला आहे.

आपल्याकडील दोन उदाहरणे येथे नमूद करणे अगत्याचे ठरते. ऊर्जा दक्षता ब्युरोने २००६ मध्ये विद्युत उपकरणांसाठी तारांकन सुरू केले. त्यातील तारा मोजमापावर आधारलेला असतो आणि निकष कालांतराने कडक होतात. जुलै २०२२ मध्ये वातानुकूलन यंत्रांचे निकष बदलले, तेव्हा यंत्र तेच राहूनही त्याचा एक तारा कमी झाला. दुसरे उदाहरण उच्च शिक्षणातील आहे. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने (नॅक) आरंभीच्या काळात महाविद्यालयांना एक ते पाच तारेच दिले होते. २००२ मध्ये त्यांची जागा अक्षरश्रेणीने घेतली. त्या ताऱ्यांमागे तज्ज्ञ समितीची भेट आणि लेखी अहवाल असे. तारा हा अहवालाचा सारांश होता, अहवालाचा पर्याय नव्हता.

जनसामान्यांनी दिलेल्या ताऱ्याला मात्र ना जाहीर निकष असतो, ना अहवालाची सक्ती.

एक तारा, अनेक अर्थ

ठाण्याची मामलेदार मिसळ तिच्या तिखटपणासाठी ख्यातनाम आहे. अशा पदार्थाला एक खवय्या ‘डोळ्यांतून पाणी आले’ म्हणून पाच तारे देऊ शकतो आणि दुसरा त्याच कारणासाठी एक. दोघांचे अनुभव खरे आहेत, वर्णनही एकच आहे, फरक आहे तो रुचीचा. दोघांनी एकेक वाक्य लिहिले, तर तिसऱ्या वाचकाला आपण कोणत्या पंक्तीत बसतो हे कळते. दोन ताऱ्यांची सरासरी मात्र ‘तीन’ येते आणि ती मिसळ मध्यम प्रतीची असल्याचे सुचविते. असे मत दोघांपैकी कोणाचेच नव्हते.

दुसरा प्रकार आरोपाच्या स्थानबदलाचा आहे. घोडबंदर रोडवरील वाहतूक कोंडी सर्वपरिचित आहे. कासारवडवलीतील घरी जेवण पाऊण तास उशिरा व थंड पोहोचले, तर ग्राहक तारा कापतो तो स्वयंपाक करणाऱ्याचा. रस्त्याला तारे देण्याची सोय तेथे नसते. नाट्यगृहाबाबतही हेच घडते. प्रयोग, आसने, स्वच्छतागृह, वाहनतळ आणि मध्यंतरातील बटाटेवडा यांचा निवाडा एकाच आकड्यात होतो. १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून जिंकून घेतलेल्या घोडबंदर किल्ल्याचा तारा गाडी लावायला जागा मिळते की नाही यावर ठरू लागला, तर तो किल्ल्याविषयी काय सांगतो?

येथे सौंदर्यशास्त्रातील एक भेद उपयुक्त ठरतो. रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात कांटच्या सौंदर्यविचाराची सविस्तर चर्चा केली आहे. कांटच्या मते ‘हे मला सुखद वाटते’ आणि ‘हे सुंदर आहे’ ही विधाने भिन्न कोटीतील आहेत. पहिले वक्त्यापुरते मर्यादित असते, तर दुसरे इतरांच्याही संमतीची अपेक्षा धरते. तारांकनात ही सीमारेषा पुसली जाते. देणारा बहुधा पहिल्या अर्थाने तारा देतो, वाचणारा तो दुसऱ्या अर्थाने वाचतो. तारांकनाविषयीच्या बहुतेक गैरसमजांचे मूळ या एका गफलतीत आहे, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

सरासरीची मर्यादा

आकड्याला वस्तुनिष्ठतेचे वलय असते, म्हणून त्याचीही चिकित्सा हवी. एका खानावळीला नऊ जणांनी पाच तारे दिले आणि दहाव्याने एक दिला, तर सरासरी ४.६ होते. शंभर अभिप्राय असलेल्या दुसऱ्या ठिकाणी ९९ जणांनी पाच आणि एकाने एक तारा दिल्यास सरासरी ४.९६ राहते. एकाच नाराजीचा आघात लहान व्यावसायिकावर असा कैकपटींनी मोठा होतो. घरगुती डबे देणारी गृहिणी आणि नामांकित साखळी-उपाहारगृह यांना एकाच तराजूत तोलण्याचा हा परिणाम होय.

शिवाय तारे देतात कोण? हू, पाव्लू आणि झँग यांनी २००९ मधील आपल्या लेखात दाखविले की, असे अभिप्राय दोन टोकांना, त्यातही वरच्या टोकाला, एकवटतात. अतिशय खूश झालेला आणि चिडलेला ग्राहक लिहितो, मधला गप्प बसतो. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एका संकेतस्थळावरील प्रतिक्रियांना आरंभीच एक कृत्रिम अनुकूल मत दिले असता त्यांचे अंतिम गुणांकन सरासरी २५ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. म्हणजे पुढचा माणूस मागच्याचे पाहूनही मत देतो.

मराठीत ‘शितावरून भाताची परीक्षा’ म्हणतात. ती परीक्षा खरी ठरते, कारण सर्व शिते एकाच भांड्यातील, एकाच आचेवर शिजलेली असतात. तारांकनातील शिते मात्र अनेक भांड्यांतील असतात.

भीड आणि उपजीविका

‘पाच स्टार द्या, साहेब’ ही विनंती आता परिचित झाली आहे. चालक किंवा घरपोच सेवा देणारा कामगार जेव्हा असे म्हणतो, तेव्हा ग्राहक दर्जाचा निर्णय देत नसतो. भिडेपोटी वा कणवेपोटी तो एका माणसाच्या रोजगाराला हातभार लावत असतो. अशा व्यवहारात पाच ताऱ्यांचा अर्थ ‘उत्कृष्ट’ न राहता ‘तक्रार नाही’ एवढाच उरतो आणि चार तारे, जे शब्दार्थाने चांगले, ते शिक्षा ठरतात. सहज म्हणून चार तारे देणाऱ्याला आपण काय केले याची कल्पनाही नसते. यूट्यूबने २००९ मध्ये आपल्याकडील बहुसंख्य तारांकन पाचच असल्याचे जाहीर केले आणि २०१० मध्ये ती पद्धत बंद केली. नेटफ्लिक्सनेही २०१७ मध्ये ताऱ्यांच्या जागी अंगठ्याचे चिन्ह आणले.

ताऱ्यामागील अर्थकारणही दुर्लक्षिण्याजोगे नाही. हार्वर्डमधील मायकेल लूका यांच्या अभ्यासानुसार, अमेरिकेतील सिएटल शहरात एका ताऱ्याच्या वाढीने उपाहारगृहाचे उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढते. हा परिणाम स्वतंत्र उपाहारगृहांवर होतो, साखळी-उपाहारगृहांवर नाही. पैसा आला की खोटेपणाही येतो. म्हणूनच भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी ‘आयएस १९०००:२०२२’ हे मानक ऐच्छिक स्वरूपात जाहीर केले. विकत घेतलेले अभिप्राय त्यात निषिद्ध ठरविले आहेत. मात्र खोटा अभिप्राय वगळल्याने खऱ्या अभिप्रायातील संदिग्धता दूर होत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून तारांकन त्याज्य आहे असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. अनोळखी वस्तीत रात्री अकरा वाजता बालरोगतज्ज्ञ शोधणाऱ्या आईला समीक्षेचा ग्रंथ नको असतो. तिला दिशा हवी असते आणि तारा ती देतो. पण दिशा म्हणजे निर्णय नव्हे. अभिप्रायांची संख्या व तारीख पाहणे, दोन ते चार ताऱ्यांचे लेखी अभिप्राय आधी वाचणे आणि तक्रार नेमकी कोणाविषयी आहे हे तपासणे, एवढी सवय वाचकाने लावून घेतली तरी बराच अनर्थ टळेल.

तारा देणाऱ्याचे उत्तरदायित्व याहून मोठे आहे. भाषेच्या वर्गात समीक्षा शिकविताना, कोणत्याही मताला ‘कारण’ जोडल्याशिवाय ते पूर्ण होत नाही, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. हाच नियम मोबाइलवरील बोटालाही लागू व्हावा. ‘भाजी चविष्ट, पण डबा वाटेत रखडला’ या एका वाक्याने स्वयंपाक करणाऱ्या बाईची अब्रू राखली जाते आणि वाचकाचीही दिशाभूल होत नाही. तारा दिला म्हणून हे वाक्य लिहिण्याचे कर्तव्य संपत नाही.