प्राथमिक स्तरावरील प्रवाही वाचन व आकलन यांची पडताळणी : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना :

प्राथमिक शाळेतील मुलास वाचता येते किंवा नाही, हे तपासण्याची व्यवस्था गेल्या दोन दशकांत आपल्याकडे बरीच विस्तारली आहे. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून 'असर' हे ग्रामीण भागातील सर्वेक्षण सुरू झाले. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम हाती घेतला व पायाभूत चाचण्या घेतल्या. जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाचे 'निपुण भारत' अभियान आले. मार्च २०२५ पासून राज्यात दुसरी ते पाचवीच्या विद्यार्थ्यांसाठी कृती कार्यक्रम राबविण्यात आला आणि 'चावडी वाचन' हा शब्द गावोगावी पोहोचला. तेव्हा मोजमापाची उणीव आहे, असे म्हणता येणार नाही. प्रश्न आहे तो या मोजमापातून नेमके काय मोजले जाते हा. प्रस्तुत लेखात छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्याचा भाषिक संदर्भ समोर ठेवून या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

मापनसाधनाचे स्वरूप :

'असर'चे वाचनसाधन अत्यंत साधे आहे आणि तेच त्याचे सामर्थ्य होय. अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा परिच्छेद व दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट, एवढ्यावर मुलाची पातळी ठरते. परिच्छेद वाक्यासारखा वाचला जावा, सुटे शब्द ओळीने उच्चारल्यासारखा नव्हे, आणि तीनपेक्षा अधिक चुका होऊ नयेत, असा निकष आहे. सर्वेक्षक घरी जाऊन मुलाजवळ बसतो. जिल्ह्याजिल्ह्यातील स्थानिक संस्था व महाविद्यालयांचे विद्यार्थी हे काम करतात. त्यामुळे 'शाळेत जाणे म्हणजे शिकणे' हा आपला भाबडा समज मोडला, याचे श्रेय या सर्वेक्षणास द्यावेच लागते. ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या व दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्या मुलांचे प्रमाण २०२२ मध्ये १६.३ टक्के व २०२४ मध्ये २३.४ टक्के नोंदले गेले. ही आकडेवारी कोणत्याही शिक्षकास अस्वस्थ करणारी आहे.

तथापि या साधनाच्या गाभ्यात आकलनाचा प्रश्न नाही. गोष्ट वाचली की पातळी मिळते. गोष्टीत काय घडले, हे विचारले जात नाही. 'निपुण भारत'ने 'अर्थ समजून' हे शब्द उद्दिष्टात घातले, हे स्वागतार्हच आहे. परंतु त्याबरोबर दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द व तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द, अशी संख्याही आली. संख्या व अर्थ एकत्र आले की कागदावर संख्याच टिकते, हा आपल्या सर्व मूल्यमापनाचा अनुभव आहे.

शब्द मोजावेत की अक्षरे?

मिनिटाला किती शब्द, हे माप मुख्यतः इंग्रजी वाचनाच्या अभ्यासातून रूढ झाले. इंग्रजीत वर्ण व उच्चार यांचे नाते अनियमित असल्याने शब्द झटकन ओळखणे हीच तेथील मोठी पायरी असते. मराठीचे तसे नाही. येथे लिपी बऱ्याच अंशी नियमित आहे, पण चिन्हांची संख्या प्रचंड आहे. मुळाक्षरे, प्रत्येकाची बाराखडी, वर जोडाक्षरे व रफार. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांविषयी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून अशा अक्षरलिपीवर प्रभुत्व मिळविण्याची प्रक्रिया प्राथमिक शाळेची अनेक वर्षे चालते, हे दिसून आले. शैलजा मेनन व सहकाऱ्यांनी वाडा (जि. पालघर) व कर्नाटकातील यादगीर येथे केलेल्या दीर्घकालीन अभ्यासानेही (अहवाल २०१७) मराठी व कन्नड मुलांची हीच अडचण पुढे आणली.

याहून मूलभूत मुद्दा शब्दाच्या लांबीचा आहे. एक साधे वाक्य घेऊ : 'आजोबांबरोबर मामाच्या मळ्यावर गेलो.' यात चार शब्द आहेत. हेच हिंदीत 'दादाजी के साथ मामा के खेत पर गया' असे होते व शब्द आठ होतात. लिपी तीच, मजकूर तोच. अक्षरे मोजली तर मराठीत सोळा व हिंदीत पंधरा. म्हणजे डोळ्यांचे व जिभेचे श्रम जवळजवळ सारखे असताना मराठी मुलाच्या खात्यावर निम्मेच शब्द जमा होतात. मराठी प्रत्यय शब्दाला चिकटतात. शब्दयोगी अव्ययेही चिकटतात. 'घरातल्यांनासुद्धा' हा एक शब्द वाचताना मुलाने किती गाठी सोडविल्या, हे शब्दसंख्येस कळत नाही. प्रत्येक वाक्यात हा फरक दुपटीचा असेल असे नाही. पण सर्व भाषांना एकच संख्या लावणे अशास्त्रीय आहे, एवढे सिद्ध होण्यास हे उदाहरण पुरेसे आहे. मार्च २०२२ मधील पायाभूत अध्ययन अभ्यासात वीस भाषांसाठी स्वतंत्र मानके ठरविण्यात आली, ती याच कारणास्तव. मात्र शाळेच्या भिंतीवर रंगविलेल्या उद्दिष्टांत आजही साठ हा आकडाच ठळक दिसतो.

उच्चार, बोली आणि 'चूक' :

कन्नड व सोयगाव तालुक्यांतील तांड्यांवर गोरबोली बोलली जाते. भिल्ल वस्त्या आहेत. शहरात व खुलताबादसारख्या गावांत दखनी व उर्दू घरात नांदते. उरलेल्या खेड्यांतील मराठीही पाठ्यपुस्तकाची मराठी नव्हे. येथील मूल 'पाणी'ला 'पानी' म्हणते आणि 'गेलो होतो'चे 'गेलतो' करते. पुस्तकात 'गेलो होतो' असे छापलेले असताना मुलाने 'गेलतो' वाचले, तर ती चूक धरावी काय? माझ्या मते तो आकलनाचा पुरावा आहे. मुलाने छापील वाक्य समजून घेतले व आपल्या भाषेत उच्चारले. केनेथ गुडमन यांनी १९६० च्या दशकात अशा विचलनांना चूक न मानता वाचकाच्या मनोव्यापाराची खिडकी मानले होते. तीन चुकांची मर्यादा लावणारा सर्वेक्षक मात्र 'पानी', 'लोनी', 'गेलतो' अशा तीन खुणा करून पुढे गेला असता आणखी एकाच चुकीने मूल थेट खालच्या पातळीवर येते.

उलट बाजूही पाहावी. मराठीत 'जग' हा शब्द भांड्याच्या अर्थी एका तऱ्हेने व विश्वाच्या अर्थी दुसऱ्या तऱ्हेने उच्चारला जातो. लिपी दोन्हीकडे सारखीच. योग्य उच्चार अर्थ कळल्याशिवाय साधत नाही. गती व आकलन यांना दोन स्वतंत्र रकान्यांत बसविणारी पद्धत ही गोष्ट विसरते.

काही वर्षांपूर्वी एका वाचन पडताळणीच्या वेळी विद्यार्थ्यांसमवेत मी तांड्यावर गेले होते. चौथीतील एक मुलगा गोष्ट अडखळत, बोट ठेवून वाचत होता. त्यास परिच्छेदाच्या पातळीवर ठेवण्यात आले. नंतर सहज विचारले, तेव्हा त्याने निम्मी गोरबोली व निम्मी मराठी वापरून ती गोष्ट शेवटापर्यंत सांगितली, वर गोष्टीतील म्हातारीचे चुकलेच, असे मतही दिले. शेजारच्या घरातील मुलगी गोष्ट एका दमात वाचून मोकळी झाली. गोष्टीत कोण कोण होते, या प्रश्नावर ती आईकडे पाहू लागली. तिला सर्वोच्च पातळी मिळाली होती. (अशी मुलगी पुढे आपल्याच महाविद्यालयात पदवीच्या प्रथम वर्षास येते, उतारा धडाधड वाचते आणि सारांश मागितला की पहिली दोन वाक्ये जशीच्या तशी उतरवते. तेव्हा शाळांना दोष देताना आपणही जरा थांबावे.)

गफ व टनमर यांनी १९८६ मध्ये वाचन हा लिपीउकल व भाषिक आकलन यांचा गुणाकार मानला, बेरीज नव्हे. एक घटक शून्य असेल तर फलित शून्य. या दृष्टीने पाहता त्या मुलीला मदतीची गरज मुलापेक्षा अधिक होती. पडताळणीने मदत मात्र मुलाकडे वळविली, आणि तीही चुकीची, म्हणजे आणखी शब्द घोकण्याची.

स्तर आणि शिक्का :

मोजमाप मुलासाठी आहे की अहवालासाठी, हा प्रश्न येथे अटळ ठरतो. 'अप्रगत' हा शब्द शिक्षकांच्या बोलण्यात इतका रुळला आहे की तो मुलाचे विशेषण झाला आहे. वर्गाचा शिक्षकच पडताळणी करतो व निकालावरून त्याचीच पारख होते, अशा स्थितीत उतारा आधी पाठ करून घेण्याचा मोह होणे अस्वाभाविक नाही. चावडी वाचनाबाबत माझे मत प्रतिकूल आहे. गावाने शाळेत लक्ष घालावे हा हेतू चांगलाच. परंतु सर्वांसमक्ष अडखळण्याची लाज आठ वर्षांच्या मुलास पुस्तकापासून दूर नेते. ऊसतोडीस गेलेल्या आईबापांबरोबर दिवाळीच्या सुमारास गेलेले व मार्च-एप्रिलमध्ये परतलेले मूल त्या चावडीवर उभे राहिले, तर तेथे नेमकी कोणाची परीक्षा होते?

मराठीत याहून समंजस वाट उपलब्ध आहे. मॅक्सिन बर्नसन यांनी फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मोजकी अक्षरे व स्वरचिन्हे एकत्र घेऊन मुलास आरंभापासून अर्थपूर्ण शब्द वाचू देणारी पद्धत घडविली. शिकवण्यात अर्थ पहिल्या दिवसापासून असेल, तर तपासण्यातही तो पहिल्या दिवसापासून असला पाहिजे. त्यासाठी मोठा खर्च नाही. गती मोजायचीच असेल तर अक्षरे मोजावीत, बोलीतील उच्चार चुकांत धरू नये, मुलास एकटे बसवून ऐकावे, आणि वाचून झाल्यावर पुस्तक मिटून 'काय झालं, सांग' एवढे विचारावे. उत्तर कोणत्याही बोलीत चालेल.

त्या दिवशीच्या तक्त्यात अशा उत्तरासाठी रकाना नव्हता. आमच्या एका विद्यार्थिनीने मुलाने सांगितलेली गोष्ट तक्त्याच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहून ठेवली. माहिती संगणकात भरताना पाठची बाजू कोणी उलटून पाहिली नाही.