शेअरचा भाव नेमकं काय मोजतो? ‘डाउनफॉल’च्या निमित्ताने

आमच्या लॅबमधला एक ज्युनिअर सध्या पेटची तयारी करतोय. त्याच्या फोनवर अमेरिकन शेअर घेता येतील असं एक ॲप आहे. जून २०२५ मध्ये अहमदाबादला एअर इंडियाचं विमान कोसळलं, त्यानंतर काही दिवसांनी चहाच्या टपरीवर तो म्हणाला, "बोइंगचा शेअर अपघातानंतर पडतो आणि परत वर येतो. दरवेळी. मग आत्ता घेतला तर काय हरकत आहे?" कुणीतरी त्याला ‘डाउनफॉल: द केस अगेन्स्ट बोइंग’ बघायला सांगितलं. बघून आला तेव्हा मत पार उलटं झालेलं. "शेअरच्या भावामागे धावूनच ही माणसं मेली. हा शेअर घेणं म्हणजे पाप आहे."

मला ही दोन्ही वाक्यं एकाच कारणासाठी खटकली. दोन्हींत निष्कर्ष आधी आला आणि पुरावा मागून. उद्या तुम्ही सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा हीच चूक तुमच्याकडूनही होणार आहे (माझ्याकडून झालीच होती), म्हणून हा चित्रपट आणि हा शेअर जरा बारकाईने बघू.

चित्रपटाचं म्हणणं

रोरी केनेडी यांचा हा माहितीपट २०२२ साली आला. विषय आहे ७३७ मॅक्स या विमानाचे दोन अपघात. २९ ऑक्टोबर २०१८ ला इंडोनेशियात लायन एअरचं विमान समुद्रात पडलं, १८९ माणसं गेली. १० मार्च २०१९ ला इथिओपियन एअरलाइन्सचं विमान पडलं, १५७ गेली. एकूण ३४६.

तांत्रिक कारण समजायला अवघड नाही. विमानात एमकॅस नावाची एक प्रणाली होती. नाक फार वर गेलंय असं सेन्सरने सांगितलं की ती नाक खाली ढकलायची. पण ती एका वेळी एकाच सेन्सरवर विसंबून होती. सेन्सर चुकला की प्रणालीही चुकणार, आणि परत परत चुकणार. वैमानिकांच्या मॅन्युअलमध्ये तिच्याबद्दल सांगितलेलंच नव्हतं.

असं का झालं, याचं चित्रपटाने दिलेलं उत्तर असं: १९९७ मध्ये बोइंग आणि मॅक्डॉनल डग्लस यांचं विलीनीकरण झालं, इंजिनिअर मागे पडले आणि शेअरचा भाव सांभाळणारी मंडळी पुढे आली. मुख्यालय २००१ मध्ये कारखान्यांपासून दूर, सिअ‍ॅटलहून शिकागोला गेलं. पुढे २०१३ पासूनच्या सहा वर्षांत कंपनीने स्वतःचेच शेअर परत विकत घेण्यावर ४० अब्ज डॉलरहून जास्त रक्कम घातली.

चित्रपटाची ताकद कुठे आहे ते आधी सांगतो. ‘लोभामुळे अपघात झाला’ एवढं बोलून तो थांबत नाही, कारणापासून परिणामापर्यंतची साखळी कडी-कडीने दाखवतो. आणि त्या कड्यांना कागदोपत्री आधार आहे. वैमानिकांना नव्याने सिम्युलेटर प्रशिक्षण द्यावं लागू नये हे बोइंगचं उद्दिष्टच होतं, कारण तसं लागलं तर साउथवेस्ट एअरलाइन्सला प्रत्येक विमानामागे १० लाख डॉलर द्यायचा करार झाला होता. म्हणजे एमकॅस झाकलेलं राहण्यात पैशाचा थेट हितसंबंध होता. असा दुवा दाखवता आला की तुमचा युक्तिवाद नुसत्या सहसंबंधापेक्षा कितीतरी भक्कम होतो. हे शिकण्यासारखं आहे.

विलीनीकरणाआधीचं काय?

पण ‘१९९७ आधी सगळं चांगलं, नंतर सगळं वाईट’ ही मांडणी मला पटत नाही. १९९१ मध्ये कोलोराडो स्प्रिंग्जला युनायटेड एअरलाइन्सचं ७३७ पडलं, २५ जण गेले. १९९४ मध्ये पिट्सबर्गजवळ यूएसएअरचं ७३७ पडलं, १३२ गेले. दोन्हींचा दोष शेवटी शेपटीवरच्या रडरच्या यंत्रणेपाशी येऊन थांबला, आणि तपास पूर्ण व्हायला कितीतरी वर्षं लागली. १९८५ चा जपान एअरलाइन्सचा अपघात तर ५२० माणसं घेऊन गेला. त्यामागे बोइंगनेच सात वर्षांपूर्वी केलेली सदोष दुरुस्ती होती. हे सगळं त्या ‘इंजिनिअरांच्या राज्या’तलं आहे.

याचा अर्थ चित्रपट खोटा आहे का? अजिबात नाही. मॅक्सपुरती त्याची साखळी टिकते. पण एका केसवरून ‘शेअरचा भाव बघणारी कंपनी असुरक्षित विमानं बनवते’ असा सर्वसाधारण नियम काढायचा असेल, तर कंट्रोल लागतो. भावाकडे डोळे लावून बसलेल्या आणि तरीही सुरक्षित राहिलेल्या कंपन्या कुठे आहेत? भावाचं दडपण नसतानाही घसरलेल्या कुठे आहेत? ज्युनिअरचं दुसरं वाक्य इथे अडखळतं.

चार अपघात, चार घसरणी

आता पहिलं वाक्य. त्यासाठी शेअरच्या भावाला एक उपकरण समजा. पीएच मीटर वापरण्याआधी आपण काय करतो? कॅलिब्रेट करतो. इथे आपल्याकडे चार ठळक घटना आहेत.

लायन एअर, १८९ मृत्यू: त्या दिवशी शेअर सुमारे साडेसहा टक्क्यांनी पडला. इथिओपियन, १५७ मृत्यू: बाजार उघडल्याच्या पहिल्या दिवशी पाच टक्क्यांहून थोडा जास्त, दुसऱ्या दिवशी आणखी सहा. ५ जानेवारी २०२४, अलास्का एअरलाइन्सच्या मॅक्स ९ चा दरवाजाच्या जागी बसवलेला पॅनेल हवेत उडाला, एकही मृत्यू नाही: पुढच्या बाजाराच्या दिवशी आठ टक्के. अहमदाबाद, जमिनीवरचे धरून २६० मृत्यू: सुमारे पाच टक्के.

पहिल्या दिवसाचे आकडे परत वाचा. कुणीही दगावलं नाही तेव्हाची घसरण सगळ्यांत मोठी आहे. मग हे उपकरण जीवितहानी मोजत नाहीये, हे उघड आहे. ते मोजतंय कंपनीच्या हातात पुढे पडणारा पैसा. अलास्काच्या विमानात चार बोल्ट बसवलेलेच नव्हते, म्हणजे दोष थेट कारखान्याचा होता. नियामकाने मॅक्सचं उत्पादन महिन्याला ३८ विमानांवर रोखून धरलं. विमान ताब्यात दिलं की पैशाचा मोठा हिस्सा मिळतो, त्यामुळे उत्पादन अडलं की पैसा अडला. अहमदाबादच्या प्राथमिक अहवालात मात्र उत्पादक कंपनीसाठी त्या टप्प्यावर कुठलीही शिफारस नव्हती.

उपकरणाचा आणखी एक दोष आहे: जे त्याच्यापर्यंत पोचतच नाही ते त्याला दिसत नाही. लायन एअरनंतर अमेरिकी नियामकाने स्वतःच अंदाज काढला होता की एमकॅस दुरुस्त झालं नाही तर या विमानांच्या आयुष्यात सुमारे १५ जीवघेणे अपघात होऊ शकतात. हे जगाला कळलं डिसेंबर २०१९ च्या संसदीय सुनावणीत. दरम्यान, डिसेंबर २०१८ मध्ये कंपनीने लाभांश २० टक्क्यांनी वाढवला आणि मार्च २०१९ च्या सुरुवातीला शेअर ४४० डॉलरच्या आसपास, आजवरच्या उच्चांकावर गेला. दुसरा अपघात त्यानंतर दहाच दिवसांच्या आत झाला. पुढे २०२२ मध्ये गुंतवणूकदारांची दिशाभूल केल्याच्या प्रकरणात, आरोप मान्य किंवा अमान्य न करता, कंपनीने २० कोटी डॉलर भरले.

म्हणजे पहिल्या अपघातानंतर ‘पडलाय, घेऊन टाका’ म्हणणारे चार महिने बरोबर ठरले होते. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते. त्या वर चढणाऱ्या आलेखाखाली १५७ माणसांचं तिकीट काढणं चालू होतं.

‘दरवेळी वर येतो’

हे वाक्य कालखिडकीवर अवलंबून आहे. लायन एअरच्या दिवशी घेतला तर मार्च २०१९ मध्ये घसघशीत फायदा. तोच शेअर मार्च २०२० पर्यंत ठेवला तर भाव १०० च्याही खाली. पण तेव्हा कोविड आला होता, मॅक्स जमिनीवर होतं, त्यामुळे कुठल्या कारणाने किती पडला हे वेगळं करणं अवघड. मार्च २०२० मध्ये घेतलेल्याचे पैसे मात्र दुप्पट झाले. उच्चांकाला घेतलेला माणूस २०२५ संपेपर्यंतही मूळ भाव बघू शकला नाही, आणि त्याच काळात एस अँड पी ५०० निर्देशांक दुपटीहून वर गेला. शिवाय २०२४ मध्ये कंपनीने २० अब्ज डॉलरहून अधिक भांडवल नव्याने उभारलं, त्यात जुन्या भागधारकांचा हिस्सा पातळ झाला.

खिडकी निकाल बघून निवडली तर कुठलाही सिद्धांत सिद्ध करता येतो. म्हणूनच इव्हेंट स्टडी करताना किती दिवसांची खिडकी घ्यायची आणि तुलना कशाशी करायची हे आकडे उघडण्याआधी लिहून ठेवायचं असतं.

कंपनी बुडत का नाही, याचं उत्तर वेगळंच आहे. मोठी प्रवासी विमानं बनवणाऱ्या प्रमुख कंपन्या जगात दोनच, आणि बोइंगकडे ५,००० हून जास्त विमानांच्या ऑर्डर रांगेत आहेत. ग्राहकाला जायला दुसरं दार नाही. भाव सावरतो यात सुरक्षितता सुधारल्याचा पुरावा नसतो, पर्याय नसल्याचा असू शकतो.

ज्युनिअरला मी एवढंच म्हटलं: घ्यायचा तर घे, पैसे तुझे आहेत, पण ‘वर येतोच’ म्हणून घेऊ नकोस, आणि वर आला तर विमान सुरक्षित झालं असं समजू नकोस. पापाचा प्रश्न त्याने त्याचा सोडवावा. त्याने शेअर अजून घेतलेला नाही. मात्र चौघा अपघातांचे भाव एका एक्सेल शीटमध्ये भरलेत आणि पहिल्या रकान्यात खिडकी किती दिवसांची ते आधीच लिहिलंय. पेटच्या मुलाखतीत त्याला काही विचारलं तर निदान एवढं तरी तो नीट सांगू शकेल.