वस्तू पाहणे आणि वस्तू तपासणे : व्हँकुव्हरच्या मानवशास्त्र संग्रहालयाचा परामर्श

मज्झिम निकायातील अंबलट्ठिका राहुलोवाद सुत्तात भगवान बुद्ध बालवयीन राहुलाला उपदेश करतात, तो पाण्याच्या एका भांड्याच्या आधारे. भांड्यात उरलेले थोडेसे पाणी, ते फेकून देणे, मग भांडे पालथे घालणे, एवढ्यावरून जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे श्रामण्य किती रिकामे असते हे ते दाखवून देतात. पुढे आरशाचा दाखला देऊन, कर्म करण्यापूर्वी, करताना व केल्यानंतर ते तपासावे, असे सांगतात. सम्राट अशोकांनी बैराटच्या शिलालेखात ज्या सात धम्मवचनांची शिफारस केली, त्यांत राहुलोवादाचा नामनिर्देश आहे. वस्तू समोर ठेवून मुलाला विचारप्रवृत्त करण्याची ही रीत संग्रहालयांनाही कसोटी म्हणून लावता येईल. तेथून बाहेर पडणारे मूल केवळ चकित झालेले असते, की तपासू लागलेले असते?

कॅनडातील व्हँकुव्हर येथे ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे मानवशास्त्र संग्रहालय आहे. त्याची स्थापना १९४९ सालची. वास्तुविशारद आर्थर एरिकसन यांनी योजलेली विद्यमान इमारत १९७६ सालची. भूकंपापासून संरक्षण मिळावे म्हणून पुनर्बांधणी केलेले तेथील महादालन जून २०२४ मध्ये पुन्हा खुले झाले. ही भूमी मस्क्विअम लोकांची असून त्यांनी ती कोणाच्याही स्वाधीन केलेली नाही, हे संग्रहालय स्वतःच नमूद करते. महादालनात वायव्य किनाऱ्यावरील मूळ रहिवाशांचे उंच कोरीव स्तंभ उभे आहेत. अन्य दालनांत जगभरातील हजारो वस्तू काचेच्या कपाटांत आणि ओढून उघडता येणाऱ्या खणांत मांडल्या आहेत. मुलांना घेऊन आम्ही हे संग्रहालय पाहिले, तेव्हा ती या खणांतच अधिक रमली. तथापि याच मांडणीत एक उणीवही आहे. खणामागून खण उघडताना मूल मोजू लागते आणि विचारणे विसरते. म्हणून बरोबरच्या वडीलधाऱ्यांनी प्रत्येक दालनात एकाच वस्तूपुढे थांबावे व तीन प्रश्न विचारावेत : ही कोणी केली? ही येथे कशी आली? आज ही कोणाची?

पहिल्या प्रश्नासाठी बिल रीड या हायडा कलावंताचे ‘डोमकावळा आणि पहिली माणसे’ हे शिल्प योग्य होय. पिवळ्या सीडरच्या लाकडात कोरलेले हे शिल्प १९८० साली खुले झाले आणि ते दुसऱ्या महायुद्धातील तोफेच्या जुन्या चौथऱ्यावर विराजमान आहे. हायडा कथेप्रमाणे डोमकावळ्याला समुद्रकिनारी एक शिंपला सापडला व त्यातून पहिली माणसे बाहेर आली. सारी एकाच शिंपल्यातून. कोणी मुखातून नाही, कोणी पायातून नाही. दीघ निकायातील अग्गञ्ञ सुत्ताचे स्मरण येथे अपरिहार्य आहे. ब्रह्म्याच्या मुखातून जन्मल्याचा दावा, ब्राह्मण स्त्रियाही इतरांसारख्याच गर्भवती व प्रसूत होतात, या रोजच्या अनुभवाने भगवंतांनी तेथे निकालात काढला आहे. परंतु मुलांना अर्धेच सत्य सांगू नये. याच किनाऱ्यावरील समाजांत जन्मजात मानकरी होते, सामान्यजन होते आणि दासही होते. उत्पत्तीची कथा समतेची असली म्हणून समाज समतेचा होत नाही. त्यासाठी आचरण लागते. पीडितांविषयीचा आदर आणि त्यांच्या समाजरचनेची चिकित्सा या परस्परविरोधी गोष्टी नव्हेत.

दुसरा प्रश्न मुखवट्यांपुढे विचारावा. या लोकांच्या पॉटलॅच नामक समारंभात यजमान संपत्ती वाटून टाकी आणि जमलेले पाहुणे त्याच्या नावाचे व अधिकाराचे साक्षी होत. हे दान धम्मातील दानाहून भिन्न आहे. त्यात प्रतिष्ठा व परतफेड गुंतलेली असे. तरी देणे हा गुन्हा ठरवणारा कायदा कॅनडात १८८५ पासून १९५१ पर्यंत होता! १९२१ साली डॅन क्रॅनमर यांच्या पॉटलॅचनंतर खटले झाले. तुरुंग टाळायचा तर मुखवटे व समारंभाची साधने सोडून द्या, अशी अट क्वाक्वाकावाक्व लोकांना घालण्यात आली. त्या वस्तू संग्रहालयांत व संग्राहकांकडे गेल्या. त्यांतील बऱ्याचशा परत मिळाल्यावर ॲलर्ट बे येथे १९८० साली उमिस्ता सांस्कृतिक केंद्र उघडले. ‘उमिस्ता’ हा शब्द पूर्वी शत्रूच्या कैदेतून घरी परतलेल्या माणसांसाठी वापरीत. वस्तूही कैदेत असू शकते, हे या एका शब्दावरून मुलाला समजते.

याच विद्यापीठाच्या आवारात जेम्स हार्ट या हायडा कलावंताचा ‘सलोख्याचा स्तंभ’ १ एप्रिल २०१७ रोजी उभारण्यात आला. त्याच्या मध्यभागी निवासी शाळा कोरलेली आहे आणि तीत ठोकलेले तांब्याचे असंख्य खिळे अशा शाळांत मरण पावलेल्या मुलांचे स्मरण करून देतात. सुमारे १,५०,००० मुले या शाळांत घातली गेली. भाषा आणि घर विसरावे, हा त्या शिक्षणाचा हेतू होता. शिक्षण हे मुक्तीचे साधन, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आम्हांला शिकवले. तेच साधन दुसऱ्यांचे अस्तित्व पुसण्यासाठी वापरता येते, हे आमच्या मुलांनी येथे समजून घ्यावे.

तिसरा प्रश्न आपल्याच दाराशी येतो. पिप्रहवा येथील स्तूप विल्यम पेपे या इंग्रज जमीनदाराने १८९८ साली उकरला. अस्थिधातूंसह मिळालेल्या रत्नांचा काही भाग त्याच्या कुटुंबाकडे राहिला आणि मे २०२५ मध्ये तो हाँगकाँगमध्ये लिलावास निघाला. जगभरातील बौद्धांच्या व भारत सरकारच्या विरोधानंतर लिलाव थांबला. जुलै २०२५ मध्ये ती रत्ने भारतात परतली. श्रद्धेने धातूंसोबत ठेवलेले दान बाजारात ‘दागिना’ म्हणून मांडले गेले होते. क्वाक्वाकावाक्व मुखवट्यांची कथा आणि ही कथा यांत फार अंतर नाही.

आपल्या विहारांतील धम्मवर्गांची मुले मुंबईच्या, नागपूरच्या संग्रहालयांत जातात, बुद्धमूर्तींपुढे हात जोडतात आणि पुढच्या दालनात निघून जातात. वंदन अवश्य करावे; पण त्यानंतर थांबून हे तीन प्रश्न विचारावेत व फलकावर उत्तर नसल्यास ते अधिकाऱ्यांकडे नम्रपणे मागावे. एहिपस्सिको या शब्दात ‘ये’ आणि ‘पाहा’ दोन्ही आहेत. मुलांना नेण्याचे काम आपण करतो. पाहायला शिकवण्याचे काम अजून पुष्कळ उरले आहे.